खुर्चीचे भाडे की गल्ल्यातला वाटा?

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी-पैठणगेटपासून सिडकोतील कॅनॉट प्लेसपर्यंत, आणि तिकडे वाळूजच्या कामगारवस्तीत बजाजनगर-रांजणगावपर्यंत केशकर्तनालयांच्या पाट्या झपाट्याने वाढल्या आहेत. लाकडी खुर्ची, पाऱ्याचा आरसा आणि भिंतीवरचे कॅलेंडर असलेले जुने दुकान अजून आहे. त्याच्या शेजारी काचेचे दार, वातानुकूलित हवा आणि इंग्रजी नाव असलेले नवे दुकानही आहे. दोन्ही ठिकाणी खुर्चीमागे उभा राहून दिवसाचे दहा-बारा तास कात्री चालवणारा माणूस मात्र कोण आहे, या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही दप्तरात सापडत नाही. तो नोकर आहे, भागीदार आहे, की भाडेकरू आहे?

प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. श्रमिकांच्या चळवळीत कारखान्याचा भोंगा जितका ऐकला गेला तितका कात्रीचा आवाज ऐकला गेला नाही, हेही खरे. परंतु मोठ्या कारखान्यात आज जे कंत्राटी पद्धतीने घडत आहे, त्याची लहान आणि स्पष्ट आकृती पाहायची असेल तर ती या दुकानात दिसते. शिवाय हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा नाही. गावगाड्याने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या एका कामाशी बांधून ठेवले त्या समाजाच्या हातात, बांधणी सुटल्यानंतर, नेमके काय उरले याचा हा हिशेब आहे.

या धंद्यात कारागीर आणि दुकानमालक यांच्यात ढोबळमानाने दोन प्रकारचे व्यवहार चालतात. पहिला कमिशनचा. दिवसभरात कारागिराने जेवढे काम केले त्याची रक्कम मालकाच्या गल्ल्यात जमा होते आणि रात्री शटर ओढण्यापूर्वी ठरलेला वाटा कारागिराच्या हातावर पडतो. कुठे निम्मा, कुठे त्याहून कमी. जागा, वीज, पावडर, क्रीम, ब्लेड, टॉवेल सगळे मालकाचे. दुसरा व्यवहार खुर्चीच्या भाड्याचा. कारागीर मालकाला रोजची किंवा महिन्याची ठरावीक रक्कम देतो, सामान स्वतःचे आणतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे स्वतःच्या खिशात घालतो. मालक हा मग मालक राहत नाही, घरमालक होतो. निदान कागदावर तरी तसे समजायचे. कागद बहुधा नसतोच.

कोणता व्यवहार कारागिराच्या हिताचा? एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत, प्रत्येक वाचकाने आपल्या गल्लीतील दुकानाचे आकडे घालून तो पुन्हा करावा. समजा, एका खुर्चीवर दिवसाला १,२०० रुपयांचे काम होते आणि महिन्याचे कामाचे दिवस २६ आहेत. महिन्याची जमा ३१,२०० रुपये. निम्म्या कमिशनवर कारागिराला १५,६०० रुपये मिळतात. तीच खुर्ची त्याने रोज ३०० रुपये भाड्याने घेतली आणि रोज १०० रुपयांचे सामान लागले, तर भाड्याचे ७,८०० आणि सामानाचे २,६०० वजा जाता त्याच्याकडे २०,८०० रुपये उरतात. म्हणजे ५,२०० रुपयांचा फायदा. एवढ्यावर थांबले तर भाड्याची पद्धत मुक्तीचा मार्ग वाटेल आणि अनेक तरुण कारागिरांना ती तशी वाटतेही.

पण श्रावण येतो. महिनाभर दाढी-कटिंग न करणारी कितीतरी घरे अजून आहेत. एरवीही शनिवार, एकादशी, नवरात्र यांचे पथ्य पाळले जाते. रमजान ईदच्या आदल्या रात्री आणि दिवाळीच्या आठवड्यात जिथे उभे राहायला जागा नसते तिथे श्रावणात कारागीर वर्तमानपत्र वाचत बसतो. समजा, जमा निम्म्यावर, म्हणजे दिवसाला ६०० रुपयांवर आली. कमिशनवाल्याला ७,८०० रुपये मिळतील. भाडेवाल्याची जमा १५,६००. त्यातून ७,८०० भाडे आणि १,३०० सामान गेले की उरले ६,५००. रोजची जमा ७२० रुपयांच्या वर असेल तर भाडे परवडते, खाली गेली तर कमिशन बरे, असा या उदाहरणाचा काटा आहे. आता याच कारागिराला ताप आला आणि तो आठ दिवस अंथरुणावर पडला असे धरा. कमिशनवाल्याची कमाई बुडते. भाडेवाल्याची कमाई बुडते आणि वर २,४०० रुपयांचे देणे उभे राहते. ते देणे फेडण्यासाठी तो मालकाकडूनच उचल घेतो. उचल घेतलेला भाडेकरू किती स्वतंत्र असतो हे मराठवाड्यातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. ऊसतोडणीच्या टोळ्या दरवर्षी त्याच्या डोळ्यांदेखत जातात.

शेतीशी परिचय असलेल्या माणसाला हा वाद नवा वाटणार नाही. जमीन बटईने करावी की खंडाने, हाच तो जुना वाद. बटईत पीक बुडाले तर दोघांचे बुडते, खंडात फक्त कुळाचे. आल्फ्रेड मार्शलने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बटईवर आक्षेप घेतला तो असा की, वाढीव पिकाचा अर्धा भाग दुसऱ्याकडे जाणार असेल तर कूळ जीव ओतून कष्ट करणार नाही. पुढे १९६९ मध्ये स्टीव्हन चुंग यांनी या आक्षेपाला उत्तर दिले, आणि १९७४ मध्ये जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी बटई ही जोखीम वाटून घेण्याचीही एक तऱ्हा आहे असे दाखवून दिले. गरीब माणूस जोखमीला भितो तो अडाणी म्हणून नव्हे, एक वाईट हंगाम त्याला पुरता बुडवू शकतो म्हणून. सलूनच्या खुर्चीला हे जसेच्या तसे लागू पडते. जातिवंत कारागीर, ज्याचे गिऱ्हाईक बांधलेले आहे, तो भाड्याकडे वळतो. नवशिका आणि परगावाहून आलेला कमिशनवर राहतो.

मात्र विद्यापीठातील या चर्चेत एक गोष्ट नेहमी मागे पडते. खंड असो वा बटई, कुळाला संरक्षण मिळाले ते कराराचे स्वरूप बदलल्याने नव्हे. मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना १९५० साली कुळवहिवाटीचा कायदा झाला. त्याने खंडाला मर्यादा घातली, संरक्षित कूळ ही कल्पना आणली आणि मनास येईल तेव्हा कुळाला उठवण्याचा जमीनमालकाचा अधिकार आवळला. तो कायदा किती ठिकाणी कागदावरच राहिला हे सर्वज्ञात आहे. तरीही जमिनीच्या बाबतीत निदान प्रश्न बरोबर विचारला गेला होता: हिस्सा किती, हा दुसरा प्रश्न, उठवण्याचा अधिकार कोणाचा, हा पहिला. खुर्चीच्या बाबतीत पहिला प्रश्न अद्याप कोणी विचारलेला नाही.

जमीन आणि खुर्ची यांत एक फरकही आहे. जमिनीचा कस जमिनीतच राहतो. सलूनचा कस म्हणजे गिऱ्हाईक, आणि ते कारागिराच्या हाताशी बांधलेले असते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या पुस्तकात बलुतेदारीचे जे चित्र आहे, त्यात गावच्या न्हाव्याला कामाचा मोबदला रोख मिळत नसे. सुगीला खळ्यावर जे धान्य घातले जाईल ते बलुते. त्यासाठी हात पसरावे लागत, बोलणी ऐकावी लागत, आणि जातीच्या उतरंडीमुळे काम नाकारण्याची सोय नव्हती. त्या व्यवस्थेबद्दल हळहळण्याचे यत्किंचितही कारण नाही. पण तीत एक गोष्ट होती: घरे त्याची होती. कोणत्या घरांची हजामत कोणी करायची हा वंशपरंपरेचा हक्क होता आणि तो भावकीत वाटलाही जाई. बलुतेदाराला गिऱ्हाईक होते, मजुरी नव्हती. आजच्या कारागिराला मजुरी आहे, पण गिऱ्हाईक त्याचे राहिलेले नाही. दुकान बदलले की मालक सांगतो, शेजारच्या गल्लीत बसायचे नाही, गिऱ्हाइकांचे फोननंबर न्यायचे नाहीत. नव्या दुकानांत तर नंबर आधीच संगणकात गेलेले असतात. वीस वर्षे ज्याने एखाद्याचे डोके ओळखले, जावळापासून लग्नाच्या दाढीपर्यंत ज्याचा हात फिरला, त्याचा त्या ओळखीवर हक्क नाही. हक्क आहे तो ज्याने काच बसवली त्याचा.

म्हणूनच 'भाडे की कमिशन' हा वाद चुकीच्या जागी अडकला आहे. विचारायला हवे ते असे: कटिंगचा दर कोण ठरवतो? दुकान किती वाजता उघडायचे आणि किती वाजता बंद करायचे हे कोणाच्या हातात आहे? सुटी कोणाला विचारून घ्यायची? येणारे गिऱ्हाईक कोणत्या खुर्चीवर बसवायचे हे कोण सांगतो? या साऱ्यांची उत्तरे 'मालक' अशी असतील, तर रात्री पैसे गल्ल्यातून कारागिराकडे गेले काय किंवा कारागिराकडून गल्ल्यात आले काय, तो नोकरच आहे. उलट दर, वेळ आणि गिऱ्हाईक खरोखर कारागिराच्या हाती असतील तर त्याला स्वतंत्र व्यावसायिक म्हणणे रास्त ठरेल. कमिशनच्या दुकानात याचा एक विशेष जाच असतो. मालक लोकांना ओढण्यासाठी निम्म्या दराची जाहिरात लावतो. गर्दी दुप्पट होते, गल्ला तेवढाच राहतो, कारागिराचा वाटाही तेवढाच राहतो आणि उभे राहणे मात्र दुप्पट होते. पायांच्या शिरा फुगण्याचा आजार या धंद्यात काही अनोळखी नाही. भाड्याच्या खुर्चीवर जाच वेगळा. तिथे प्रत्येक ब्लेड, प्रत्येक टॉवेल कारागिराच्या खिशातून जातो आणि काटकसर करण्याचा मोह गिऱ्हाइकाच्या गालापर्यंत पोहोचतो. सार्वजनिक आरोग्याचा हा मुद्दा महानगरपालिकेने तरी विचारात घ्यावा.

आपल्या न्यायालयांनी या प्रश्नाचा विचार केलेलाच नाही असे मात्र नाही. 'सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये दिलेला निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने माहीत करून घ्यावा असा आहे. तेलंगण भागाला लागू असलेल्या १९५१ च्या दुकाने कायद्याखालचा तो वाद होता. शिंप्यांना नगावर मजुरी मिळे, पूर्ण दिवस हजर राहण्याचे बंधन नव्हते, काही जण काम घरीही नेत. मालकांचे म्हणणे, हे आमचे नोकरच नव्हेत. न्यायालयाने ते मानले नाही. शिलाईयंत्रे दुकानाची होती, काम पसंत-नापसंत करण्याचा अधिकार दुकानाचा होता. एवढ्यावरून शिंपी हे नोकर ठरले. शिलाईयंत्राच्या जागी खुर्ची आणि आरसा ठेवून पाहा. इंग्लंडातही २०२० मध्ये मँचेस्टरच्या एका केशकर्तनकार तरुणीच्या दाव्यात असेच घडले. करारात ती 'स्वयंरोजगारी' होती; प्रत्यक्षात तिच्या कामाच्या जमेतील ६७ टक्के रक्कम दुकान ठेवून घेत असे, दर आणि वेळा दुकानच ठरवीत असे. न्यायाधिकरणाने कराराच्या शब्दांपलीकडे पाहून तिला नोकर ठरवले.

न्यायालयाने दार उघडे ठेवले, तर विधिमंडळाने उंबरठा उंच केला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने बहुतेक तरतुदींतून सुटली. त्यांनी केवळ सूचना द्यायची. २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. वीस खुर्च्यांचे सलून या शहरात कितीसे असणार? म्हणजे तास, साप्ताहिक सुटी, रजा या गोष्टी कायद्याने या धंद्यातून काढूनच घेतल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अंमलात आल्या. त्यांतील वेतनसंहितेत 'वेतन' या शब्दाच्या व्याख्येतून कमिशन वगळलेले आहे. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या तरच निम्म्यावरची रक्कम वेतनात मिळवायची. ज्याची सारी कमाई कमिशनचीच आहे त्याचे अर्धे श्रम याप्रमाणे वेतन ठरतात आणि अर्धे ठरत नाहीत. भाड्याच्या खुर्चीवरच्या माणसाला तर ही संहिता ओळखतच नाही, कारण तो उलट पैसे देतो.

यात मालकाचा फायदा कुठे आहे हेही सांगितले पाहिजे. कमिशनच्या दुकानात संपूर्ण उलाढाल मालकाच्या नावावर दिसते. खुर्च्या भाड्याने दिल्या की त्याची उलाढाल भाड्यापुरती उरते आणि एकेक कारागीर वेगळा व्यावसायिक होतो. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीसाठी सेवांना असलेल्या २० लाखांच्या मर्यादेखाली मग सगळेच सहज राहतात. कामगारांची संख्याही कागदावर शून्य. भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा, बोनस यांची कटकट संपते. भाड्याच्या पद्धतीला 'स्वातंत्र्य' हे गोंडस नाव मिळते ते या गणितामुळे.

तथापि सगळेच मालक भांडवलदार आहेत असे समजणे हा पुस्तकी आडमुठेपणा होईल. शहरातील जुनी दुकाने बहुतांशी नाभिक कुटुंबांचीच आहेत. मालक स्वतः पहिल्या खुर्चीवर उभा असतो, दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर त्याला मामा किंवा काका म्हणतो आणि बऱ्याचदा तो नात्यानेही असतोच. जागेचे भाडे भरता भरता त्या मामाचीच दमछाक झालेली असते. २०२० च्या टाळेबंदीत ही दुकाने मार्चपासून बंद झाली ती राज्यात २८ जूनला उघडली, तीही दाढीविना, केवळ केस कापण्यापुरती. पुढे जुलैत या शहरात पुन्हा दहा तारखेपासून कडक बंदी आली आणि एप्रिल २०२१ मध्ये राज्यभर दुकाने पुन्हा मिटली. त्या महिन्यांत मालक आणि कारागीर एकाच रांगेत धान्यासाठी उभे होते. मामाला शत्रू ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. वेगळा विचार करायचा तो नव्या साखळी दुकानांचा, जिथे भांडवल बाहेरचे आहे, नाव विकत घेतलेले आहे आणि बलुतेदारीतून बाहेर पडलेला समाज पुन्हा दुसऱ्याच्या जागेत फक्त हात म्हणून उभा आहे.

स्त्रियांची स्थिती आणखी बिकट. ब्यूटी पार्लरमध्ये शिकण्यासाठी आलेली मुलगी आधी फी भरते, मग शिकाऊ म्हणून अल्प पगारावर राबते आणि हात बसल्यावर कमिशनवर येते. ज्या थोड्याजणी स्वतंत्र होऊ पाहतात त्यांच्यासमोर आता मोबाइलवरून काम देणाऱ्या कंपन्या आहेत. तिथे खुर्चीही नाही: सामान तिचे, गाडीचे पेट्रोल तिचे, घर गिऱ्हाइकाचे आणि दर मात्र कंपनीचा. अशाच एका कंपनीच्या गुरुग्राममधील कार्यालयासमोर ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्यूटीशियन स्त्रियांनी कमिशन आणि कामाच्या अटी यांविरुद्ध धरणे धरले होते. डिसेंबरमध्ये पुन्हा निदर्शने झाली तेव्हा कंपनी त्यांच्याचविरुद्ध न्यायालयात गेली. भागीदार म्हणून नेमायचे आणि नोकरासारखे वागवायचे, ही खुर्चीच्या भाड्याचीच पुढची आवृत्ती आहे.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशीच, केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातील अठरा व्यवसायांत नाभिकांचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांपर्यंत कर्ज. अवजारे मिळतात हे चांगलेच. परंतु या धंद्यात अडचण कात्रीची कधीच नव्हती. अडचण आहे जागेची. एक लाखात निराला बाजारात गाळा घेता येत नाही, पागडीदेखील भरता येत नाही. शिवाय योजना आहे स्वतःच्या हिमतीवर धंदा करणाऱ्यांसाठी. कमिशनवरच्या कारागिराने अर्जात स्वतःला स्वयंरोजगारी म्हणवून घेतले, तर उद्या कामगार म्हणून हक्क मागताना हाच अर्ज त्याच्यासमोर धरला जाणार नाही कशावरून?

चळवळीने हाती घ्यावे असे काम यातून निघते. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला तेव्हा हमालाचा मालक कोण हा प्रश्न असाच अनुत्तरित होता. आज या व्यापाऱ्याचा माल, उद्या त्या. कायद्याने तो वाद बाजूला ठेवला आणि मंडळ स्थापून, मजुरीवर लेव्ही बसवून, भविष्य निधी आणि इतर लाभ कामाला जोडले, मालकाला नव्हे. खुर्चीच्या प्रत्येक भाड्यावर आणि प्रत्येक कमिशनवर अशी लेव्ही दुकानाकडून घेता येईल. साखळी दुकाने आणि मोबाइल कंपन्या यांपासून सुरुवात करावी, मामाच्या दोन खुर्च्यांना पहिली काही वर्षे सूट द्यावी. भाड्याचा करार लेखी हवा, एक महिन्याच्या नोटिशीविना खुर्ची काढून घेता येऊ नये, शासकीय आदेशाने दुकान बंद राहील त्या दिवसांचे भाडे माफ असावे आणि दुकान सोडताना कारागिराने आपल्या गिऱ्हाइकांना नवा पत्ता सांगणे हा त्याचा हक्क मानला जावा.

याहून पुढचा मार्ग सहकाराचा. कॉफी बोर्डाने १९५७ च्या सुमारास कॉफी हाऊसे बंद करायला घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्यातल्या वेटरांनी आणि स्वयंपाक्यांनी सहकारी संस्था काढून ती चालवली; इंडियन कॉफी हाऊस ती हीच. महापालिकेच्या मालकीचे गाळे या शहरात आहेत. दहा कारागिरांनी एकत्र येऊन दहा खुर्च्यांचा गाळा सहकारी संस्थेच्या नावावर मागितला तर भाडे आणि कमिशन हा भेदच उरत नाही. श्रावणातली तूट दिवाळीतल्या बचतीने आपसांत भरून काढता येते. सहकार कायद्याला दहा वेगवेगळ्या कुटुंबांतली माणसे लागतात, आणि मामा-भाच्यांच्या या धंद्यात तीच पहिली अडचण ठरेल, हे कबूल.

संघटना अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने १८९० साल आठवावे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी एकत्र जमून विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. ना कायदा पाठीशी होता ना पगार. होता तो फक्त वस्तरा खाली ठेवण्याचा निर्णय, आणि तो त्यांनी स्वतःच्या मजुरीसाठी नव्हे, परक्या घरातील स्त्रीच्या अब्रूसाठी घेतला. येत्या श्रावणाला अजून अवधी आहे. भाड्याच्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येक कारागिराने आपल्या मालकाकडे त्या एका महिन्याचे भाडे निम्मे करावे अशी मागणी आताच, एकट्याने नव्हे तर गल्लीगल्लीने मिळून करावी. कार्यकर्त्यांनी पुढच्या वेळी कटिंगला बसल्यावर आरशातल्या माणसाला त्याच्या खुर्चीचा हिशेब विचारावा. तो कमिशनवर आहे की भाड्यावर, आणि आजारपणात काय होते, एवढे तरी लिहून आणावे.